सत्तावन्नाव्या वर्षीचा शोध



आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. "बॅटरी घे गं, अंधार आहे," असं आपण म्हणतो. शेताला लाईट रात्रीची असते. मोटर चालू करायला कुणीतरी उठून जायचं, विंचूकाट्याची भीती, म्हणून हातात बॅटरी हवीच. पूर्वी त्यात जाडजूड सेल घालायचो. उजेड पिवळा पडला की सेल काढून उन्हात ठेवायचे, दोन दिवस आणखी ढकलायचे आणि मग फेकून द्यायचे. आता तसं राहिलं नाही. रात्री चार्जिंगला लावली की सकाळी तयार. मोबाईलचं तसंच, बऱ्याच फवारणी पंपांचं आणि सौर कंदिलांचंही तसंच.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत मोबाईलवरून पैसे कसे पाठवायचे याचं शिक्षण होतं. एक काकू मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढे या म्हटलं तर म्हणाल्या, "माझं काय आता, वय झालं. तुम्ही पोरी शिका." त्यांचं वय विचारलं. सत्तावन्न. मला एकदम एका माणसाची आठवण झाली. त्या काकूंच्या पिशवीत जो मोबाईल होता, त्यातल्या बॅटरीचा सगळ्यात महत्त्वाचा शोध त्या माणसाने सत्तावन्नाव्या वर्षीच लावला होता. त्या दिवशी बैठकीत मी त्यांची गोष्ट थोडक्यात सांगितली. आज जरा सविस्तर सांगते.

त्यांचं नाव जॉन गुडइनफ. या आडनावाचा इंग्रजीत अर्थ होतो 'पुरेसं चांगलं', आपण म्हणतो ना, 'चालेल इतपत बरं' तसा. लहानपणी मात्र या मुलाला कुणी चालेल इतपत बरंही म्हणत नव्हतं.

त्यांचा जन्म २५ जुलै १९२२ चा, जर्मनीतल्या येना गावचा. आईवडील अमेरिकन. वडील पुढे अमेरिकेतल्या येल विद्यापीठात धर्मांचा इतिहास शिकवायचे. घरात पुस्तकंच पुस्तकं, पण या मुलाला वाचता येईना. अक्षरं ओळखीची वाटायची, पण ओळ वाचायला गेलं की सगळं गडबडायचं. आज आपण याला वाचन-अक्षमता म्हणतो, इंग्रजीत डिस्लेक्सिया. बुद्धी चांगली असते, मेंदू फक्त अक्षरांशी वेगळ्या पद्धतीने झगडतो. शंभर वर्षांपूर्वी हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. असं मूल मागासलेलं, एवढंच लोकांना कळायचं.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. माझा पुतण्या तिसरीत असताना वाचताना अडखळायचा. मी त्याला पाहुण्यांसमोर 'ढ' म्हणाले होते. तो काही बोलला नाही, पण त्यानंतर माझ्यासमोर त्याने कधी पुस्तक उघडलं नाही. पुढे एका चांगल्या बाईंनी ओळखलं की पोराला तोंडी हिशोब भराभर येतात, अडचण फक्त अक्षरांची आहे. मी त्याची माफी मागितली, पण निघून गेलेला शब्द परत येत नाही. तुमच्या घरात, शेजारात असं पोर असेल तर त्याला नाव ठेवण्याआधी थांबा. शाळेतल्या बाईंशी बोला.

जॉनला घरातून फारशी माया मिळाली नाही. बाराव्या वर्षी त्याची रवानगी ग्रोटन नावाच्या निवासी शाळेत झाली, तीही शिष्यवृत्तीवर. तिथे तो धडपडत वाचायला शिकला. जिथे शब्द कमी, तिथे त्याचं डोकं चांगलं चालायचं, म्हणून गणित आवडायला लागलं. येल विद्यापीठात शिकताना शिकवण्या करून त्याने स्वतःचा खर्च भागवला. तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. गणित येतं म्हणून सैन्याने त्याला हवामानखात्यात घेतलं. अटलांटिक महासागरातल्या बेटांवर बसून विमानं कधी उडवावीत, कधी थांबवावीत, हे सांगायचं काम.

युद्ध संपलं. सैन्यातून परतलेल्या काही अधिकाऱ्यांना पुढे शिकवायचं ठरलं आणि त्यांच्या जुन्या शिक्षकांनी त्यांचं नाव सुचवलं. चोविशीच्या सुमाराला ते शिकागो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला दाखल झाले. नाव नोंदवायला गेले तर तिथले एक प्राध्यापक म्हणाले, की या शास्त्रात ज्यांनी काही मोठं केलं त्यांनी ते तुझ्या वयाच्या आत करून टाकलेलं असतं, आणि तू आता सुरुवात करणार! म्हणजे बघा, चोविसाव्या वर्षीच त्यांना 'वय झालं' हे ऐकावं लागलं. गुडइनफ यांनी नाव नोंदवलं आणि कामाला लागले. १९५२ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्यानंतरची चोवीस वर्षं ते अमेरिकेतल्या एमआयटी या मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत होते. तिथे सुरुवातीला बॅटरीचा संबंध नव्हता. काम होतं कॉम्प्युटरच्या स्मरणशक्तीचं. त्या काळी कॉम्प्युटर खोलीएवढा असायचा आणि त्याची आठवण साठवलेली असायची लोहचुंबकाच्या बारीक मण्यांमध्ये. प्रत्येक मणी एक आकडा लक्षात ठेवायचा, हो किंवा नाही. हे मणी कोणत्या मातीचे करावेत, कसे भाजावेत म्हणजे ते झटकन फिरतील आणि विसरणार नाहीत, हे शोधण्यात गुडइनफ यांचा मोठा वाटा होता. धातू आणि प्राणवायू मिळून जी संयुगं होतात, त्यांना ऑक्साईड म्हणतात, त्यांची नस त्यांना इथे सापडली.

आणि मैत्रिणींनो, ते मणी तारांमध्ये ओवायचं कोण? कारखान्यांत ते काम बहुतेक बायकाच करायच्या. भिंगातून बघत, सुईएवढ्या तारा मण्यांतून काढत. मंगळसूत्र ओवणाऱ्या हातांना कळेल हे काम काय असतं. त्या बायकांची नावं कोणत्या पुस्तकात सापडत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे याच मुद्द्याशी परत येणार आहे.

आता बॅटरीकडे येऊ. १९७३ साली अरब देशांनी तेल अडवलं आणि अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. तेलाशिवाय गाडी चालेल का, उन्हाची वीज साठवून ठेवता येईल का, असे प्रश्न सगळीकडे विचारले जायला लागले. साठवणुकीसाठी शिशाची बॅटरी होती, आपल्या ट्रॅक्टरमध्ये असते तीच. १८५९ पासून माणसाला माहीत असलेली, भरवशाची, पण उचलायला दोन माणसं लागतील अशी जड. हलकी बॅटरी हवी तर लिथियम वापरावं, कारण तो सगळ्या धातूंमध्ये हलका. पण तो तितकाच तापट. पाण्याचा स्पर्श झाला तरी फसफसतो.

बॅटरीच्या आत काय चालतं ते आधी समजून घेऊ. बॅटरी म्हणजे दोन खोल्यांचं घर समजा. मध्ये एक ओलसर पडदा. एका खोलीत लिथियमचे कण बसलेले. प्रत्येक कणाबरोबर त्याचा एक इलेक्ट्रॉन. आपण बटण दाबलं की हे दोघं दुसऱ्या खोलीकडे निघतात. पण कण जातो आतल्या वाटेने, पडद्यातून. इलेक्ट्रॉनला ती वाट बंद. त्याला बाहेरून, तारेतून वळसा घालून जावं लागतं. त्या वळशात तो आपलं काम करतो, दिवा लावतो, फोन चालवतो. सगळे कण दुसऱ्या खोलीत गेले की बॅटरी उतरली. चार्जिंगला लावलं की आपण त्यांना ढकलून पुन्हा पहिल्या खोलीत नेऊन बसवतो.

आणि व्होल्ट म्हणजे काय? टाकी जितकी उंच, तितकं नळाला पाणी जोरात. व्होल्ट म्हणजे त्या टाकीची उंची.

एक्सॉन या तेलकंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी सत्तरच्या दशकात पहिली चांगली लिथियम बॅटरी करून दाखवली. एका खोलीत लिथियम धातू, दुसऱ्या खोलीत टायटॅनियम आणि गंधक यांचं संयुग. त्याचे थर असतात, पोळीच्या पापुद्र्यांसारखे, आणि त्या पापुद्र्यांमध्ये लिथियम जाऊन बसतो. टाकीची उंची होती दोन व्होल्टच्या थोडी वर. कल्पना उत्तम, पण एक घोळ होता. पुन्हापुन्हा चार्ज केलं की लिथियम धातूवर सुयांसारखे कोंब फुटायचे. ते वाढत वाढत पडदा भेदून पलीकडे टेकले की आतच शॉर्टसर्किट आणि आग. कंपनीने तो नाद सोडला.

याच सुमाराला, १९७६ साली, गुडइनफ इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. शिक्षण भौतिकशास्त्राचं आणि प्रमुखपद रसायनशास्त्राचं, वय चौपन्न. त्यांना वाटलं, पापुद्र्यांची कल्पना बरोबर आहे, पण पीठ बदलायला हवं. गंधकाऐवजी प्राणवायूची संयुगं घेतली तर टाकी आणखी उंच नेता येईल. मण्यांच्या कामापासून हीच संयुगं तर हाताळली होती! कोणतंही शिकलेलं वाया जात नाही, ते असं.

जपानहून आलेले कोईची मिझुशिमा आणि दोन तरुण सहकारी, जोन्स आणि वाइजमन, यांना घेऊन ते कामाला लागले. वेगवेगळ्या धातूंचे थर करून बघायचे. प्रत्येकातून किती लिथियम काढता येतो आणि थर कधी कोसळतात, ते मोजायचं. चाळीतून विटा काढत जावं आणि कितव्या विटेला चाळ ढासळते ते बघावं, तसं. कोबाल्टच्या थरांतून निम्मा लिथियम काढला तरी चाळ उभी राहिली. आणि टाकीची उंची भरली चार व्होल्ट! १९८० साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. म्हणजे वय वर्षं सत्तावन्न.

यात आणखी एक मोठा फायदा होता. इथे लिथियम आधीच त्या थरांमध्ये बसलेला असतो. त्यामुळे समोरच्या खोलीत तापट लिथियम धातू ठेवायची गरजच उरत नाही. ती खोली रिकामी, पण लिथियमला बसायला जागा देणारी असली की झालं. जपानमधल्या आसाही कासेई कंपनीतले अकिरा योशिनो यांनी १९८५ साली त्या जागी तेलशुद्धीतून उरणारा एक कोळसा वापरला. आग लागायचं मुख्य कारणच गेलं. १९९१ साली सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली, आधी व्हिडिओ कॅमेऱ्यात. मग लॅपटॉप आले, मोबाईल आले आणि शेवटी तुमच्या-माझ्या पिशवीत येऊन पोचली.

आता पैशाची गोष्ट. शोध लागला तेव्हा ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याचं पेटंट घ्यायला खर्च करायचं नाकारलं. पेटंट म्हणजे शोधाचा सातबाराच म्हणा. शेवटी इंग्लंडच्या एका सरकारी प्रयोगशाळेने पेटंट घेतलं, पण त्यासाठी गुडइनफ यांना आपले हक्क लिहून द्यावे लागले. पुढे जगभर या बॅटऱ्यांचा अफाट धंदा झाला. त्या पेटंटचा पैसा गुडइनफ यांना मिळाला नाही. त्यांनी याबद्दल फार कुरकुर केली नाही, पण आपण धडा घ्यायला हरकत नाही. कागद वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा करायचा नाही, हे आपण गटात शिकतो ना? इतका शिकलेला माणूससुद्धा तिथे कमी पडला.

ऑक्सफर्डमध्ये पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावंच लागायचं. यांना घरी बसायचं नव्हतं. १९८६ साली ते अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात गेले आणि नव्याने सुरुवात केली. तिथे आपल्या देशाचा संबंध येतो. तामिळनाडूतून गेलेले अरुमुगम मंथिराम ऑक्सफर्डपासून त्यांच्याबरोबर होते. दोघांनी लोखंडाच्या संयुगांवर काम सुरू केलं. कोबाल्ट महाग, लोखंड स्वस्त, हा साधा विचार. पुढे भारतातून गेलेला अक्षय पाधी नावाचा विद्यार्थी आणि नंजुंडस्वामी हे संशोधक यांच्याबरोबर काम करताना लोखंड आणि फॉस्फेट यांचं एक संयुग हाती लागलं. फॉस्फेट म्हणजे आपल्या खतातलं स्फुरद. १९९७ साली तो शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा गुडइनफ पंचाहत्तरीला टेकलेले.

ही लोखंडाची बॅटरी थोडी जड, टाकीची उंचीही थोडी कमी, साडेतीन व्होल्टच्या जवळपास. पण ती स्वस्त, टिकाऊ आणि सहजी पेट न घेणारी. आज बऱ्याच सौर दिव्यांत, ई-रिक्षांत, विजेवर चालणाऱ्या बसमध्ये हीच असते. नवीन दिवा घेताना दुकानदार 'एलएफपी' म्हणाला, तर ती ही बॅटरी, हे ओळखा.

कोबाल्ट नको, याला पैशापलीकडेही एक कारण आहे. जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतं. तिथे मोठ्या यांत्रिक खाणी आहेत, तशाच हाताने खोदायच्या खाणीही आहेत. त्यात बाया पाण्यात उभ्या राहून दगड धुतात, लहान पोरं पोती वाहतात. मानवाधिकार संघटनांनी हे जगासमोर आणलं आहे. म्हणजे आपल्या हातातल्या उजेडामागे कुठल्या तरी लेकराचे हात असू शकतात. लोखंडाची बॅटरी जितकी जास्त वापरात येईल, तितकी कोबाल्टची गरज कमी. शास्त्रातला शोध एका पोराच्या डोक्यावरचं पोतं उतरवू शकतो, तो असा. मात्र ते आपोआप होत नाही. घेणाऱ्यांनी, कंपन्यांनी, सरकारांनी मनावर घ्यावं लागतं.

९ ऑक्टोबर २०१९ ला नोबेल पारितोषिक जाहीर झालं. रसायनशास्त्राचं, तिघांना मिळून. व्हिटिंगहॅम, योशिनो आणि गुडइनफ. गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे. इतक्या वयात नोबेल मिळालेलं आधी कुणी नव्हतं. डिसेंबरात ते स्वीडनला गेले. नोबेलचं भाषण मात्र त्यांच्या वतीने मंथिराम यांनी केलं. पत्नी आयरीन हे बघायला नव्हत्या. जवळजवळ पासष्ट वर्षांच्या संसारानंतर २०१६ साली त्या गेल्या होत्या. पारितोषिकानंतरही गुडइनफ यांचं लक्ष कामातच होतं, आणखी चांगली बॅटरी कशी होईल याकडे. २५ जून २०२३ ला ते वारले. एकशे एक पूर्ण व्हायला एक महिना कमी होता.

नोबेलचा नियम असा, की एक पारितोषिक तिघांपेक्षा जास्त जणांत वाटत नाहीत. म्हणून मिझुशिमा त्यात नाहीत. लिथियम ग्राफाइटमध्ये आतबाहेर करू शकतो हे दाखवणारे मोरोक्कोचे रशीद याझमी नाहीत. मँगनीज वापरून आणखी एक वाट दाखवणारे दक्षिण आफ्रिकेचे मायकेल थॅकरे नाहीत. पाधी नाहीत, नंजुंडस्वामी नाहीत. आणि मणी ओवणाऱ्या बायका तर कोणत्याच यादीत नाहीत. आपल्या गटाच्या वहीत आपण प्रत्येकीचं नाव लिहितो, हजर कोण, बचत कुणाची किती, पापड कुणी लाटले. कधीकधी कंटाळा येतो त्या लिहिण्याचा. पण लिहिलं नाही तर उद्या कुणाला कळणार की हे कुणाच्या हातचं होतं? ती वही नीट ठेवा.

जाता जाता कामाच्या दोन गोष्टी. ही बॅटरी गुणी आहे, पण तिला मर्यादा आहेत. मोबाईल उशाखाली किंवा गोधडीत ठेवून चार्ज करू नका, उष्णतेला वाट हवी. ज्याचा चार्जर त्यालाच लावा. बॅटरी फुगली, चेपली की वापर बंद. तिला खिळा मारून बघू नका, पोरांच्या हाती देऊ नका. चुलीत तर अजिबात नाही, आणि उकिरड्यावरही नाही, कारण ते खत शेवटी आपल्याच शेतात जातं. २०२२ सालच्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यातले धातू पुन्हा वापरात आणायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. तेव्हा दुकानदाराला विचारा, जुनी परत कुठे द्यायची. एकटीने विचारलं तर तो टाळेल, गटाने विचारलं तर सांगेल.

त्या काकूंचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. गोष्ट ऐकून त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला आल्या, तशाच मागे बसल्या. चहा झाल्यावर पिशवीतून मोबाईल काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "तो बाबा चोविसाला म्हातारा ठरला होता म्हणालीस ना? मग मला दाखव, हिरवं बटण कुठलं ते." दहा रुपये त्यांनी आपल्या सुनेला पाठवले. सून शेजारीच बसली होती. तिच्या मोबाईलवर घंटी वाजली आणि सगळ्याजणी हसल्या.

तुमच्या गटात मागे भिंतीला टेकून कोण बसतं, ते या बैठकीत बघा. पुन्हा भेटू. नमस्कार.